डावीकडचे तीनशे वीस ठिपके

हे सांगताना माझा माझ्यावरच पुरता विश्वास नाही, हे आधीच कबूल करतो. चाळीस वर्षं भूमिती शिकवली, पण कुलूप नीट लावलंय का हे पाहायला मी अजूनही दोनदा जिना चढून परत येतो. तेव्हा तुम्ही ऐका, आणि काय ते तुम्हीच ठरवा.

काम अगदी साधं होतं. माझ्या बायकोच्या नजरेसमोर हल्ली मधोमध एक धूसर डाग असतो. वर्षभर खपून तिने एक विनोदी गोष्ट लिहिली होती आणि ती ग्रंथालयात, लोकांसमोर, स्वतः वाचायची होती. "नजरेचं काही सांगता येत नाही, हे शेवटचंच वाचन समजा," असं सहज म्हणून ती चहा टाकायला गेली. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. कागदावरची अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर बोटाएवढी अक्षरं, मी कळ दाबली की पुढचं पान.

घरच्या तालमीत प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब! मी प्रोग्रॅमची खिडकी अख्ख्या पडद्याएवढी धरली होती, आणि तळाशी घड्याळाची पट्टी असते, तिच्याखाली ओळ दडत होती.

"क्षेत्रफळ शिकवायचात ना तुम्ही? बिचारी मुलं!" ती म्हणाली.

मग मी प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली. त्याने आधी संगणकाला विचारायचं, की बाबा रे, अख्खा पडदा राहू दे, मोकळी जागा किती ते सांग.

ग्रंथालयात आम्ही तासभर आधी पोचलो. लख्ख दुपार, रिकाम्या खुर्च्या, जुन्या कागदाचा वास. तिथल्या पडद्याची रुंदी एकोणीसशे वीस ठिपके, म्हणजे पिक्सेल. मोकळी जागा विचारली, तर उत्तर आलं सोळाशे. डावीकडचे तीनशे वीस ठिपके कोणीतरी अडवलेले.

पण तिथे काहीच नव्हतं. नुसता निळा रंग. माझंच चुकलं असणार म्हणून संगणक बंद करून पुन्हा लावला. सोळाशेच.

ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिल्या. "डावीकडे ना? तिथे आमचे काका राखून ठेवलेल्या पुस्तकांची यादी उघडी ठेवायचे. एकवीस वर्षं इथे ग्रंथपाल होते. त्या पट्टीवर कोणाला काही ठेवू द्यायचे नाहीत. आणि कोणी वाचताना चुकलं, की मागून हळूच शब्द सांगायचे."

"मग त्यांना सांगा ना, यादी बंद करा म्हणून."

"काका गेले हो... मागच्या वर्षी." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आणि हा संगणक तर गेल्या महिन्यात आलाय."

कुठून तरी पेपरमिंटच्या गोळीचा वास आला. बाईंनाही आला असावा. त्यांनी उगाच खिडकी उघडली.

सोळाशेत बसवायचं तर अक्षरं लहान करावी लागणार होती, आणि लहान अक्षरं म्हणजे तिच्यासाठी कोरा पडदा. मी संगणकाचं उत्तर धुडकावलं आणि हाताने एकोणीसशे वीस लिहून टाकले. गेलेल्या माणसाला जागा कशाला हवी, असं मनात म्हणालो. मनातच म्हणालो असेन.

चार वाजता खुर्च्या भरल्या. मी तिच्या उजवीकडे, हातात कळफलक. तिच्या डावीकडे एक खुर्ची तेवढी रिकामी राहिली. दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर प्रत्येक ओळीचे पहिले शब्द दिसेनात. डाव्या बाजूला पट्टीने आखावा तसा निळा रंग, वरपासून खालपर्यंत.

झालं, मी घालवलं तिचं वाचन...

पण ती अडली नाही. दिसत नसलेले शब्द ती धडाधड वाचत होती. लोक खो-खो हसत होते. पाठ असेल, म्हणून मी जीव भांड्यात पाडून घेतला. शेवटच्या पानावर मात्र तिने एक वाक्य वाचलं, जे गोष्टीत नव्हतंच. सगळ्यात मोठा हशा त्यालाच पडला.

घरी येताना ती खुशीत होती. "डावीकडून शब्द पुरवत होतात म्हणून निभावलं हो. पण शेवट परस्पर बदललात? बरा केलात म्हणा."

"मी... मी उजवीकडे होतो."

ती चालता चालता थांबली. मग हसली. "तरीच. तुम्ही कुठे गोळ्या चघळता!"

ही तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून मी रोज घरच्या पडद्याची मोकळी जागा तपासतो. रोज पुरी भरते.

काल सकाळी तिने नवी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि मी टंकायला बसलो. सवयीने जागा विचारली. डावीकडून बरोबर तीनशे वीस कमी.

मी तिला काही बोललो नाही. शपथेवर सांगतो, एक शब्दही नाही. तिनेच आपली खुर्ची उजवीकडे ओढली आणि मला कोपराने ढोसलं.

"सरका की जरा, अहो. किती वेळ उभं ठेवायचं त्यांना?"