खळ घातलेली जाकिटं

त्याने गाठोड्यातलं एक जाकीट काउंटरवर ठेवलं आणि हात काढून घेतला. जाकीट पडलं नाही. दोन्ही बाह्या पसरून तसंच राहिलं, जणू आत कुणीतरी बसलंय.

"बघा, स्वतःच्या पायावर उभं आहे," तो म्हणाला.

"जाकिटाला पाय नसतात," ती बोलून गेली. मग तिने कॉलर दोन बोटांत धरून वाकवायला घेतली. ती वाकेना. "मामा… ज्युदोच्या कपड्यांना खळ घातलीस?"

आतून मामाचा खूश आवाज आला. "घातली की. बाहेरून आलेली पोरं, शहराचं नाव राहायला नको? चांगली डबल घातली."

विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्यापासून संघांचे कपडे मामाच्या लॉन्ड्रीत येत होते. मामाचा जन्म गेला हॉटेलच्या नॅपकिनांत आणि डॉक्टरांच्या कोटांत. ताठ नाही ते धुतलेलंच नाही, असं त्याचं ठाम मत.

समोरचा तरुण मुलींच्या ज्युदो संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता. "समोरच्याची कॉलर घट्ट धरल्याशिवाय डाव टाकता येत नाही," त्याने समजावलं. "आज सरावात पकडच बसेना. पंच म्हणाले, असले कपडे चालणार नाहीत. उद्या सकाळी लढती आहेत, आणि माझ्या मुली…" त्याने वाक्य अर्धवट सोडून कपाळावरचा घाम पुसला. "गरम पाण्यात उकळलीत तर?"

"आकसतील."

"मग बाही तोकडी होईल. तेही बाद."

ती जाकिटाकडे पाहत राहिली. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून ती मामाच्या काउंटरवर बसत होती, पण नुसती शरीराने. तिचा पाय एका जागी ठरत नसे. रोज संध्याकाळी बस स्थानकापर्यंत चालत जायचं, सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायच्या आणि परत यायचं… या शहरात काही म्हणजे काही घडत नाही, हे तिने स्वतःला सिद्ध करून दाखवलं होतं. दूरच्या एका कापड गिरणीच्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. स्पर्धा संपेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि ती हो म्हणणार होती.

"खळ म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ," ती म्हणाली. "माळ तोडली की सुटते. डाग काढायच्या पावडरीत ती तोडणारं एन्झाइम असतं. पाणी मात्र कोमटच हवं. तुमच्या औषधांच्या पेटीत आयोडीन आहे?"

"आहे. कुणाला लागलंय?"

"पाण्याला पाजायचंय."

तो आयोडीन घेऊन आला तेव्हा सगळी जाकिटं टबात बुडाली होती. तिने एक कॉलर कपात पिळली आणि त्यात एक थेंब टाकला. पाणी निळंशार झालं.

"निळं म्हणजे खळ आहे."

"मग?"

"मग थांबायचं."

थांबणं दोघांनाही जमत नव्हतं. तो टबापासून दारापर्यंत जाई, ती दारापासून टबापर्यंत. मधोमध धडक होता होता वाचली.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली.

"तुम्ही बसलात की बसतो."

"मला बसवत नाही."

"बरं झालं… मला वाटलं, फक्त माझंच असं होतं."

दुसरा कप जांभळट. तिसरा तपकिरी, पण कडेला निळी झाक. दोघांची डोकी एकाच कपावर वाकली होती. तिला त्याच्या शर्टाला मामाच्याच साबणाचा वास आला, आणि तिने उगीचच आणखी एक थेंब टाकला.

"आता कुठला रंग हवा?" त्याने हळूच विचारलं.

"आयोडीनचा स्वतःचा. बदलता कामा नये."

चौथा बदलला नाही. तो इतका हसला की तिने नजर कपातच ठेवली.

आता वाळवायचं. बाहेर आभाळ गच्च, मशीनच्या गरम हवेची भीती. मामाने गल्लीत हाक घातली. चप्पल दुरुस्त करणारे काका पंखा घेऊन आले. या पोरांच्या बुटांनी त्यांना मान वर करायला फुरसत ठेवली नव्हती. औषधवाला म्हणाला, "माझी मुरगळीची मलमं संपवली या पोरींनी, पंखा काय चीज आहे?" शेवटी मामी घरचा पंखा घेऊन आली.

"रस्ते बंद, रात्रंदिवस गोंगाट. शहराला काय मिळतंय यातून, कुणी सांगेल का मला?" असं म्हणत तिनेच तो लावला आणि वाऱ्याची दिशाही ठरवली.

टांगलेल्या जाकिटांमधून दोघं फिरत राहिली, ओली बाजू वाऱ्याकडे वळवत. एका बाहीखाली तिचा हात त्याच्या हातावर पडला. दोघांनीही तो बाहीचाच भाग असल्यासारखं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कपडे पोचवायला मामी गेली आणि दुपारपर्यंत परत आली नाही. आली ती डोळे चमकवत. मामाच्या शर्टाची कॉलर धरून म्हणाली, "असं खेचायचं, पाय असा अडकवायचा, की माणूस आडवा."

"अगं, मी जेवलोय आत्ताच," मामा म्हणाला.

बाजारामागच्या ओसाड गोदामात स्पर्धेसाठी गाद्या अंथरल्या होत्या, त्या आता कायम राहणार होत्या. सकाळी बायकांचा वर्ग, संध्याकाळी शाळेच्या मुलींचा. मामी नाव घालूनच आली होती. "तुझ्या त्या सरांना शिकवायला राहा म्हणून विचारलंय," तिने भाचीला सांगितलं. "ते अजून हो म्हणत नाहीत. कुणाशी तरी बोलायचंय म्हणे."

त्या दिवसापासून भाचीच्या हातून बटणं पडू लागली. तो रोज यायचा. कधी एक टॉवेल घेऊन, कधी एकच मोजा.

"याचा जोडीदार?"

"उद्या आणतो."

पण बोलत काहीच नव्हता. आणि ती तरी कुठे बोलत होती?

शेवटच्या दिवशी संघाची बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तो कपड्यांचं गाठोडं न्यायला आला, पण त्याने ते उचललं नाही.

"तुम्ही गिरणीत जाताय. मामा म्हणाले."

"तुम्ही इथे राहताय. मामी म्हणाली."

"अजून ठरवलं नाही. तुम्ही असाल तर राहीन, असं… असं काहीतरी बोलायला रोज येत होतो."

"मोजा घेऊन?"

"धीर होत नव्हता. मोजा सोपा होता."

तिला हसू आलं. थांबते, असं म्हणणं आता किती सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. "मी जाणार आहे," ती म्हणाली. "इथे कंटाळा आला म्हणून नाही… आता तसं वाटतही नाही. मला ते काम करायचंय म्हणून. तुम्ही माझ्यासाठी राहू नका. मी नसले तर दोन महिन्यांत त्या गाद्यांचा राग येईल तुम्हाला."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. तो वळला आणि निघून गेला. गाठोडं तिथेच.

तिने फोन उचलला. आत्ता नाही केला तर कधीच करणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गिरणीतल्या बाईंना तिने सांगितलं, हो, येते. बाई पाळ्यांबद्दल सांगत होत्या, गिरणी रोज चालते, आठवड्याची सुट्टी ज्याने त्याने आधीच मागून घ्यायची… ती "हं, हं" म्हणत होती आणि तिला अर्धंच ऐकू येत होतं.

पायरीवर सावली पडली. त्याच्या खांद्यावर स्वतःची बॅग होती. मागे बस वळत होती, आणि खिडक्यांतून मुली ओरडत होत्या, "सर, गाठोडं!"

"पाठवून देईन," तो त्यांना म्हणाला. मग तिच्याकडे पाहिलं. "मुलींना शिकवायला आवडतं मला. तेवढं कारण पुरेसं आहे. बाकीचं… वरचा नफा."

तिने फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"तुमचा वर्ग कुठल्या वारी बंद असतो?"

"सोमवारी."

तिने हात काढला. "बाई," ती म्हणाली, "मला सोमवारची सुट्टी द्याल?"