लुगड्यांच्या कुंपणातले पाय

"श्वास घ्या, पण मान हलवू नका," तेजस्विनी म्हणाली.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक चपटा दगड होता. त्याला टेकवून तिनं मोबाईल उभा केला होता. समोर तिचा मामेभाऊ भूषण आणि त्याची धाकटी बहीण चंचल, दोघं पऱ्हाटीच्या कडेला खांबासारखी ताठ उभी होती. दिवस बुडाला होता. कापसाची बोंडं तेवढी अंधारात पांढरी दिसत होती.

"माह्या पायाले मुंग्या चढून राह्यल्या," भूषण ओठ न हलवता पुटपुटला.

"मुंग्या फोटोत येत नाहीत. गप्प उभा राहा."

दसऱ्याच्या सुट्यांत तेजस्विनी मावल्याहून तलमडुगूकडच्या या गावी मामाकडं आली होती. येताना आईचा जुना मोबाईल मागून आणला होता. मागच्या वर्षीचे तिचे सगळे फोटो वाया गेले होते. कुठं स्वतःचंच बोट आलं होतं, कुठं डोकी कापली गेली होती. प्रयागबाई आजीच्या तर एकाही फोटोत तोंड नव्हतं. ऐन वेळी आजी मान वळवायची आणि तोंडाच्या जागी नुसता धूर उमटायचा. आजीला ते फार लागलं होतं. "बिनतोंडाची बाई घरात ठेवू नये," असं म्हणून तिनं ते फोटो पुसायला लावले होते.

म्हणून या वर्षी तेजस्विनी शिकून आली होती. आधी भिंग पुसायचं. ऊन पाठीशी घ्यायचं. दूरचं मोठं करून पाहण्यापेक्षा चार पावलं जवळ जायचं. बटण दाबण्याआधी फोटोचे चारही कोपरे पाहायचे. उजेड कमी असला तर मोबाईल दगडावर टेकवायचा, रात्रीच्या फोटोची सोय चालू करायची आणि समोरच्यानं अजिबात हलायचं नाही. आजीलाही तिनं आल्याबरोबर हे शिकवलं होतं. 'हलू नको' म्हटलं की आजी डोक्यावर पदर ओढून दगडासारखी उभी राहायची आणि 'झालं' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही.

मोबाईलनं फोटो घेतला. तिघांची डोकी एकत्र आली.

भूषण आणि चंचल छान स्पष्ट आले होते. त्यांच्या मागं शेजारच्या चंपतरावांच्या ज्वारीचं कुंपण होतं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून इकडं शेताभोवती जुनी लुगडी बांधतात, तसंच तेही होतं. पण फोटोत लुगडी लुगड्यांसारखी दिसत नव्हती. वाऱ्यानं हलून ती नुसता हिरवा-जांभळा धूर झाली होती. आणि कुंपणाच्या दूरच्या टोकाला, धुराच्या खाली, दोन पाय होते.

पायांच्या वर काहीच नव्हतं. मागची ज्वारी सरळ दिसत होती.

मग भूषण म्हणाला, "शंकरपाळ्याचे हात लागले असतील तुह्या भिंगाले."

तेजस्विनीनं भिंग ओढणीनं पुसलं, पुन्हा फोटो घेतला. आता तिथं पाय नव्हते. नुसता धूर होता. तिघांनी मान वर करून त्या टोकाकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. एक जांभळं लुगडं मात्र वारा पडला तरी हलत होतं, आत्ताच कोणी हात काढून घेतल्यासारखं.

"घरी चाल ना," चंचल म्हणाली. या वेळी कोणी तिला भित्री म्हणालं नाही.

सकाळी लख्ख उन्हात तिघं परत आली. पायांचा ठसा सापडला नाही, जमीन वाळून कडक झाली होती. पण जांभळ्या लुगड्याखाली एक ससा पडला होता. अंगावर जखम नव्हती, रक्त नव्हतं. दात उघडे होते आणि डोळेही. भूषणनं काठीनं त्याला उलटं केलं. साप चावला असेल, असं तो म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

तिथंच चंपतराव भेटले. ते भूषणच्या वडिलांचे चुलतभाऊ. शेताला शेत लागून आणि गल्लीतही घर जवळच. त्यांनी फोटो हातात घेऊन पाहिला, तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते हसले. इथं पूर्वीपासून एक बाई दिसते म्हणाले, अंधार पडल्यावर पोरांनी इकडं फिरकू नये.

"तुमाले दिसली काय कधी?" चंचलनं विचारलं.

"दिसली तं मी सांगायले राह्यलो असतो काय?" चंपतराव म्हणाले आणि घाईनं निघून गेले.

चंचलनं तोपर्यंत फोटो आईला, चंपाबाईला, दाखवला होता. तिनं तो आपल्या बहिणीला पाठवला, बहिणीनं आणखी कोणाला. दुपारपर्यंत लुगड्यातली बाई गावभर झाली. मामा ट्रक घेऊन नागपूरकडं गेले होते, त्यामुळं घरात निर्णय आजीचा. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि सांगितलं, "उद्या सीतादही करतो. रानातलं जे असंल ते शांत होईल."

पहिला कापूस वेचण्याआधी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेच सीतादही. या वर्षी ते अजून चार-आठ दिवसांनी व्हायचं होतं. या घरात ते आजीच करायची. दिवस उगवायच्या आत न्हाऊन, ओल्या केसांनी, अनवाणी, एकटीनं शेतात जायचं. वाटेत बोलायचं नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, मागं वळून पाहायचं नाही. उगवतीच्या कोपऱ्यातलं पऱ्हाटीचं झाड पूजायचं. ते झाड धुऱ्यावर होतं, चंपतरावांच्या लुगड्यांना इतकं लागून की लुगडं सारल्याशिवाय तिथं पोचता येत नसे.

तेजस्विनीला मात्र तो फोटो स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी अंगणात तिनं मोबाईल ओट्यावर टेकवला आणि चंचलला समोर उभं केलं. पाय जागचे हलवायचे नाहीत, पण कमरेच्या वर जोरात हलत राहायचं, असं सांगितलं. चंचल वाऱ्यातल्या ज्वारीसारखी डोलली. मग धावत येऊन तिनं फोटो पाहिला आणि मटकन खाली बसली. अंगणात दोन पाय उभे होते. वर एक पुसट डाग आणि त्यातून मागची भिंत दिसत होती.

"मी मेली काय वं?"

"मेली असती तं इतकी बडबडली असती काय?" भूषण म्हणाला, पण तोही सरकून जवळ आला.

फोटो घ्यायला मोबाईलला काही क्षण लागतात, तेजस्विनीनं समजावलं. तेवढ्यात जे थांबतं ते उमटतं, जे हलतं ते पुसलं जातं. काल तिथं कोणी तरी पाय रोवून उभं होतं आणि हातांनी, वाकून, काही काम करत होतं. आपण तिघं फोटोसाठी गप्प होतो, म्हणून त्याला आपली चाहूल लागली नाही.

तिनं कालचे पाय मोठे करून पाहिले. ते अनवाणी नव्हते. गुडघ्यापर्यंत काळे गमबूट होते.

"हे तं चंपत काकाचे," भूषण म्हणाला. "फवारणीसाठी इचोड्याहून आणले होते."

फवारणी संपली होती. चिखल कुठं नव्हता. मग गमबूट कशाला घातले असतील? पण भूत नव्हतं, एवढ्यानंच तिघांना हलकं वाटलं. तेजस्विनीनं आजीला सांगितलं की बाई वगैरे कोणी नाही, चंपतमामाच आहेत. आजी म्हणाली, असंल. पण सीतादही एकदा बोलून दाखवलं की मागं घेता येत नाही.

पहाटे तेजस्विनीला जाग आली ती न्हाणीतल्या पाण्याच्या आवाजानं. मग दार वाजलं. ती उठून अंगणात आली. बाहेर अजून अंधारच होता. ओट्यावरच्या दिव्याच्या उजेडात फरशीवर आजीच्या पावलांचे ओले ठसे दिसत होते. एकामागं एक, दाराबाहेर जाणारे. पाचही बोटं उमटलेली.

ती त्या ओल्या ठशांकडं पाहत राहिली. अनवाणी पाय. ओले. आणि तिकडं कोरड्या जमिनीवर रबराचे बूट. जखम नसलेला ससा.

ती घरात धावली. तिनं भूषणला गदागदा हलवलं. "भूषण, चंपतमामांनी कुंपणात करंट सोडलाय. डुकरांसाठी. पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून. आजी तिकडंच गेली."

भूषण पुरता जागा व्हायच्या आत पळत सुटला होता. पेटीची किल्ली चंपतरावांकडं असायची. तो त्यांच्या घराकडं धावला. तेजस्विनी आणि चंचल शेताच्या वाटेनं.

वाट ओळखीची होती, पण त्या पहाटे ती तशी वाटली नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती आणि फुटलेली बोंडं डोळ्यांसारखी वाटत होती. कुठं किडासुद्धा ओरडत नव्हता. शेताच्या तोंडाशी दोघी पोचल्या तेव्हा पार पलीकडं, उगवतीच्या कोपऱ्याकडं, एक पांढरी आकृती सावकाश चालली होती. तिच्यापुढं लुगडी डोलत होती.

"आजी," चंचल ओरडली. "आजी, मागं फिर. करंट हाय."

आकृती थांबली नाही. उलट तिनं पाऊल उचललं. हाक मारणाऱ्याकडं लक्ष द्यायचं नाही, हाच तर नेम होता. शिवाय लुगड्यातल्या बाईची गोष्ट अजून तिच्या कानात असेल. अशा वेळी नातीच्या आवाजात कोण हाक मारतं, कोणास ठाऊक. चंचल जितकी ओरडली तितकी आजी भराभर चालू लागली.

धावून गाठता येणार नव्हतं. आजी लुगड्यांपाशी पोचली. झाडापर्यंत जायला तिनं एका हातात ताट सावरलं आणि दुसरा हात लुगडं बाजूला सारायला पुढं केला.

तेजस्विनी जागच्या जागी थांबली. तिनं मोबाईलची बत्ती लावली, हात उंच धरला आणि रोज म्हणायची त्याच आवाजात, जराही न ओरडल्यासारखं पण मोठ्यानं म्हणाली, "आजी, फोटो घेते. हलू नको."

लुगड्यांवर फिका उजेड पडला. आजीचा हात हवेत थांबला.

तिला ओ द्यायची नव्हती, मागं वळायचं नव्हतं. पण हे दोन्ही कोणी मागितलंच नव्हतं. ती पाठमोरी, ताठ, हात पुढं केलेली तशीच उभी राहिली. वाऱ्यानं लुगड्याचा काठ तिच्या बोटांकडं यायचा आणि परत जायचा. त्या काठामागं एक बारीक तार उजेडात चमकत होती.

"थांब हं आजी. अजून नाही झालं," तेजस्विनी म्हणत राहिली. चंचल तिला चिकटून उभी होती. आजीचे ओले केस पाठीवर ठिबकत होते. पायाखालची माती भिजत होती.

मग ज्वारीच्या पलीकडून धावण्याचा आवाज आला. कोणी तरी धापा टाकत पेटी उघडली. खटका पडला.

"बंद केलं," भूषणचा आवाज आला. "तार काढली पेटीतून. मी पाह्यली."

तेव्हा कुठं तेजस्विनी म्हणाली, "झालं, आजी." आणि खाली बसून रडू लागली.

आजीनं मागं पाहिलं नाही. लुगडं सारून ती झाडापाशी गेली. हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला, चारी दिशांना दहीभाताची शितं टाकली. तोवर चंपतराव बाजूला उभे होते. घाईत तेही अनवाणीच आले होते. डुकरांनी अर्धी ज्वारी लोळवली होती, ते काही खोटं नव्हतं. अंधार पडताना तार जोडायची, दिवस उगवला की काढायची, मधल्या वेळात शेतात कोण येतं, असं त्यांनी धरलं होतं. आणि पोरांनी इकडं येऊ नये म्हणून त्या बाईची गोष्ट रंगवून सांगितली होती.

पूजा संपली. आजी वळली.

"चंपत," ती शांतपणे म्हणाली, "तुनं बाई दाखवली म्हणून तं मी लवकर आली इथं."

चंपतरावांनी मान खाली घातली. मग आजीच्या पायांना हात लावून ते तार गुंडाळायला लागले.

दिवस वर येईपर्यंत चंपाबाई आली, शेजारच्या शेतांतली माणसं आली. त्यांपैकी दोघं गुपचूप आपापल्या पेट्यांकडं जाताना भूषणनं पाहिलं. मोठी माणसं पोरांच्या पाठीवरून हात फिरवत होती. धुऱ्यावर परवा पोरंच तारेला पाठ करून उभी होती, हे एकानं बोलून दाखवलं, तेव्हा चंपाबाईनं दोघांनाही पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आजीनं उरलेला दहीभात आधी तिघांच्या हातावर ठेवला, मग मोठ्यांच्या.

"आता काढ माहा फोटो," ती तेजस्विनीला म्हणाली. "तोंड दिसलं पाह्यजे."

तेजस्विनीनं भिंग पुसलं. ऊन पाठीशी घेतलं, चार पावलं पुढं गेली. मग चारही कोपरे पाहिले. एका कोपऱ्यात चंपतराव तार गुंडाळत होते. त्यांना तिनं तसंच राहू दिलं. आजी डोक्यावर पदर घेऊन पऱ्हाटीशेजारी उभी होती आणि उन्हात तिच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ दिसत होती.

"झालं, आजी."

आजी हलली नाही.

"आजी, झालं ना."

"अजून एक डाव म्हण," आजी म्हणाली. "सकाळी हाच शब्द ऐकाले लय येळ लागला."