डेटमरच्या शाळेतली चोरी

ओडेसा ब्रुकिन्स खुर्चीवर बसलीच नाही. "माझा पोरगा चोर नाही," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या डेटमर वेल्डिंग शाळेतून वेल्डिंगची आठ यंत्रं नाहीशी झाली होती. दुसऱ्याच दिवशी राज्याचे अधिकारी शाळेची मान्यता वाढवायची की नाही ते पाहायला येणार होते. कार्यशाळेची किल्ली तिथेच शिकणाऱ्या तिच्या टेव्हिनकडे सापडली. पोलिसांना तेवढं पुरलं.

ओडेसाचं ऐकून खासगी गुप्तहेर लोरेन वासेक तडक निघाली. सोबत नेहमीप्रमाणे तिचा मदतनीस ड्वेन. जन्मभर बस चालवलेला, सावकाश विचार करणारा माणूस.

रिकाम्या कार्यशाळेची फरशी इतकी गुळगुळीत होती की ड्वेनचा पाय घसरला. भिंतीवरच्या प्लगांची भोकं भिंतीच्याच रंगाने बुजली होती. रंग कधी दिला, असं लोरेनने विचारलं. शाळा उघडायच्या आधी, मालक क्रेग डेटमर म्हणाला. पोरं अजून पुस्तकातलंच शिकत होती, पण शिक्षक कुबिक रोज यंत्रं चालवून बघे, असंही त्याने सांगितलं. कुबिकने मान डोलावली, नजर मात्र वर केली नाही.

कोठडीत टेव्हिनने सांगितलं, की किल्ली गेल्याच आठवड्यात डेटमरने दिली. जवळ ठेव, पण दार उघडलंस तर शाळेतून नाव कापीन, अशी तंबीही दिली.

ड्वेनला काहीच उमगेना. लोरेन मात्र संतापाने लाल झाली होती. तिने सगळ्यांना कार्यशाळेत बोलावलं. पोलीस आले, राज्याच्या अधिकारी बाईही आल्या.

"इथे चोरी झालीच नाही," ती म्हणाली. "वेल्डिंगची ठिणगी फरशी जाळते. इथे एक डाग नाही. प्लगवरचा रंग फुटलेला नाही, म्हणजे रंग दिल्यापासून त्यांत एक पिन गेलेली नाही. यंत्रं इथे कधी चाललीच नाहीत. गेल्या वर्षी तपासणीत ती दिसली, म्हणजे तेवढ्यापुरती भाड्याने आणली आणि परत धाडली. यंदा मिळाली नाहीत, म्हणून ती चोरीला गेली. चोर हवा, म्हणून किल्ली टेव्हिनच्या गळ्यात अडकवली."

"ट्रकमधून मीच उतरवली होती," कुबिक पुटपुटला.

डेटमरच्या हातात बेड्या पडल्या. लोरेन अधिकारी बाईंकडे वळली. "गेल्या वर्षी एक तरी यंत्र सुरू करून बघितलं होतंत?"

"आमच्या नियमात मोजायला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "सुरू करायला नाही."

कधी आवाज न चढवणारा ड्वेन पुढे झाला.

"मग पोरंही मोजा बाई. वर्षभर शिकलीत. एकालाही वेल्डिंग येत नाही."