गयामावशीची नाडी

साहेब, पोरं जगावीत म्हणून तुम्ही पट्टी आणली नाहीत. पोर मेलंच तर ते तुमच्या दारात मरू नये, म्हणून आणलीत. हे आधी कबूल करा, मग तुमचे आकडे दाखवा.

त्या शिकवण्यांच्या गावात चाळीस हजार पोरं राहतात आणि प्रत्येकाच्या मनगटावर मनपट्टी असते. घामातलं मीठ, कातडीची ऊब आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर ती मोजते. मन ठीक असेल तर पट्टी हिरवी, बिघडत असेल तर लाल. लाल झाली की सक्तीची विश्रांती, म्हणजे सहा आठवडे घरी. काय झालं पोरी, असं कुणी विचारत नाही. बॅग भरून हातात देतात. परत यावं तर बॅच पुढं गेलेली, वर्ष बुडालेलं, आणि गावभर बोभाटा झालेला की ही लाल झाली होती. पूर्वी वसतिगृहात समुपदेशक बाई बसायच्या. पट्टी आली आणि त्यांच्या खोलीत बटाट्याची पोती आली.

चाचणीचे गुण चार वाजता लागतात आणि पट्टीची मोठी नोंद त्याच तासाला होते. मुद्दामच तशी वेळ ठेवलेली. मुलींच्या वसतिगृहात यावर एक तोड निघाली होती. ज्यांना रडू येणार असेल त्या चारच्या आत स्वयंपाकघरात यायच्या, पट्टी काढून गयामावशीच्या हातात चढवायच्या आणि गच्चीवर जाऊन मनसोक्त रडायच्या. पट्टी नुसती खुंटीला टांगली तर मिनिटात बोंबलते. तिला माणसाचं ऊन अंग लागतं. कुणाचं, ते तिला कळत नाही. मावशी पोळ्या लाटायची आणि तिच्या हातावर सगळ्या पट्ट्या हिरव्यागार राहायच्या. तीन वर्षांत एकही लाल नाही.

म्हणूनच त्या दुपारी राजधानीतून डॉ. सुश्रुत खानोलकर आले. पट्टीचं डोकं त्यांनीच घडवलेलं.

"मावशी, तुम्ही जेवणात घालता तरी काय?"

"मीठ. ते बी कधी इसरते. पोरी शिव्या घालतात."

डॉक्टर हसले. "चेष्टा नाही करत. इथल्या दहा-दहा, बारा-बारा मुलींची हृदयं चार वाजता एकाच लयीत चालतात. जगात असं कुठं पाहिलेलं नाही. आम्ही त्याला 'समलय' नाव दिलंय."

"नाव बी ठेवलं? बारसं केलं म्हणा की." मावशीनं लाटणं ठेवलं आणि बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत अकरा पट्ट्या होत्या. "ही बघा तुमची समलय. आता करा तक्रार. पण लेकरांना घरी धाडू नका."

डॉक्टरांनी वाकून एकेका पट्टीवरचा आकडा वाचला. मग त्यांनी विचारलं, "इतकी संथ नाडी? तुम्हाला कसलाच ताण येत नाही?"

"माझी लेक ह्याच गावात शिकायला हुती," मावशी पुन्हा लाटायला लागली. "नऊ वर्षं झाली. तिनं जीव दिला. तिला पोचवून आले तवापासून आत काय हालतच न्हाई बघा. रडू येत न्हाई, राग येत न्हाई. पोळ्या लाटते."

डॉक्टर पिठाच्या पोत्यावर बसले.

"काय झालं?"

"मावशी, दुःख म्हणजे काय हे आम्ही यंत्राला सांगितलेलं नाही. ते सांगताच येत नाही. आम्ही त्याला ठणठणीत पोरांच्या लाखो नोंदी दाखवल्या आणि म्हटलं, हे असं दिसलं की बरं समज. सगळ्यात ठणठणीत म्हणून नमुना घेतला तो..."

"माझा?"

"तुमचा. राज्यातल्या सगळ्या पट्ट्यांना तोच शिकवलाय. माणूस रडतो, घाबरतो, चिडतो, तेव्हा आत झटापट चालू असते. कधीकधी, सगळं संपवायचं ठरलं की ती झटापट थांबते. माणूस एकदम शांत दिसतो. घरच्यांना वाटतं, सावरला. आता पट्टीलाही तसंच वाटणार."

मावशीचा हात थांबला. तिनं पट्ट्यांवरून बोट फिरवलं. अकराच. "श्रावस्तीची पट्टी न्हाई. गायसमुद्र्यांची पोर ती. वर्षभर रोज देती. तीन दिस झाले, पट्टी द्यायला आली न्हाई. मला वाटलं, बरं झालं लेकरू."

डॉक्टरांनी टॅबलेट उघडला. "हिरवी आहे. अख्ख्या वसतिगृहात सगळ्यात हिरवी."

"सकाळी तिनं मला तिची नवी चादर दिली वो! मावशी, तुला राहू दे, म्हणली. अन् मी मेली, घेऊन बसले!"

मावशी पिठाच्या हातानं जिन्याकडं धावली. पहिल्या मजल्यावर हातावरची एक पट्टी लाल झाली. मग दुसरी, मग सगळ्याच. नऊ वर्षांनी ते काळीज धडधडत होतं. अकरा भोंगे एकदम वाजले. वॉर्डनबाई "कोण कोण गं?" ओरडत खोल्या तपासू लागल्या.

श्रावस्ती आवरलेल्या टेबलाशी बसली होती. पुस्तकं सुतळीनं बांधलेली, वर मैत्रिणींची नावं लिहिलेली. मावशीनं तिचा हात धरला आणि सरळच विचारलं, "मरायचं ठरवलंयस का गं माय?"

पोरीनं पुस्तकांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, "तू पहिलीच आहेस मावशी. विचारणारी."

आणि तिला रडू फुटलं. पट्टी लाल झाली.

वॉर्डनबाई दारात आल्या ते बॅग घेऊनच. "लाल आहे. नियम आहे मावशी, हिला आजच्या गाडीनं पाठवावं लागेल."

"आता रडायली ती. आता वाचायली. हिला एकटी गाडीत बसवून बघा, मग सांगते." मावशी उंबऱ्यात आडवी बसली.

बाहेर डॉक्टर फोनवर राजधानीतल्या वरच्या साहेबांशी बोलत होते. सगळा नमुना चुकलाय, पट्ट्या आत्ताच्या आत्ता बंद करा, पोरांकडं माणसं पाठवा. पलीकडचा आवाज शांत होता. परीक्षा तोंडावर आहेत, गोंधळ नको, अहवाल द्या, पुढच्या बैठकीत बघू.

मावशीनं हात लांब करून फोन ओढून घेतला.

"सायेब, ह्या टायमाला राज्यात हिरव्या पट्ट्या किती?"

"नऊ लाख. का? तुम्ही कोण?"

"त्यातलं कंचं लेकरू बरं हाय, अन् कंच्यानं चादर वाटून टाकलीया? न्हाई, बैठक नगं. आत्ता सांगा. कोण जाणार हाय त्यांच्या दाराशी?"