टब गरम होईपर्यंत

"टॉवेल इकडे नको, तिकडे! आईचा पाय अडकेल ना!" भिंगरी ओरडली.

सकाळपासून मामाच्या बागेत तिची नुसती धावपळ चालली होती. उद्या संध्याकाळी आई येणार होती! भिंगरीची आई मालवाहू जहाजावर स्वयंपाक करायची. कित्येक महिन्यांनी जहाज जवळच्या बंदराला लागणार होतं, तेही एका रात्रीपुरतं. परवा सकाळी आई पुन्हा समुद्रावर! मागे फोनवर ती म्हणाली होती, "मला बाकी काही नको गं. उभं राहून राहून कंबरेचे पार तुकडे पडलेत. एकदा निवांत गरम पाण्यात बसायला मिळावं, बस्स!"

तेव्हापासून भिंगरीच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. मामाने कुणाकडून तरी जुना हॉट टब आणून बागेत बसवला, तेव्हा तर ती आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. सारखी जाऊन ती पाण्यात हात घालून बघायची.

"अजून कोमटच!" ती कुरकुरली.

"एवढं पाणी तापायला वेळ लागतो, बाईसाहेब," पंडित म्हणाला. हा मामाचा मुलगा. न विचारता माहिती देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ते जाऊ दे. आपल्या बोक्याचं काय बिनसलंय?" त्याच्या धाकट्या बहिणीने, चिंगीने विचारलं. "थंडीत स्वयंपाकघरातून ढकललं तरी हलत नाही, आणि कालपासून बागेच्या पायरीवर पसरलाय!"

"ऊन खात असेल."

"तिथे ऊन येतंच कुठे, पंडितराव?"

खरंच की! तिघं पायरीपाशी गेली. बोका जुन्या पायपुसण्यावर तंगड्या ताणून घोरत होता. भिंगरीने त्याला उचललं आणि पायपुसण्यावर तळहात ठेवला.

"अगंबाई! नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखं लागतंय!"

"हात काढ!" पंडित ओरडला. त्याने सुक्या काठीने पायपुसणं बाजूला सारलं. खाली वायरीचं भलंमोठं भेंडोळं! एक टोक टबाकडे, दुसरं खिडकीतून अवजारांच्या खोलीत. मधे चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड.

"गुंडाळलेल्या वायरीतून एवढी वीज गेली की ती तापते," पंडित हळूच म्हणाला. "आणि त्या जोडावर पाणी उडालं, तर..." पहिल्यांदाच त्याचं वाक्य अर्धं राहिलं.

तिघं मामाकडे धावली. मामाने वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर लावलं की खटका आपोआप खाली पडून वीज जायची. सारखी कटकट! जुन्या खोलीत खटकाच नाही, मग पडणार काय? त्यात काय एवढं! चाललंय ना सगळं? उगाच फाटे फोडू नका. भिंगरे, आईला टबात बसवायचंय ना तुला?"

बसवायचंय ना! भिंगरी अवजारांच्या खोलीत जाऊन बटणासमोर उभी राहिली. बंद केलं, तर पाणी उद्यापर्यंत गार होणार. उद्याची एकच तर संध्याकाळ होती. कालपासून काही झालं नव्हतं, मग आणखी एक दिवस काय होणार होतं? परवा आई गेल्यावर बंद केलं तर? डोळे मिटून पाण्यात बसलेली आई तिला समोर दिसत होती. आणि मग तो चिकटपट्टीचा जोड दिसला.

तिने बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि तो कुशीत धरून मुसमुसून रडली.

"रड नंतर!" चिंगीने तिला हलवलं. "बाबा आत्ता परत लावतील. काहीतरी कर!"

भिंगरीने डोळे पुसले. पायपुसणं पुन्हा होतं तिथे टाकलं आणि गोड आवाजात हाक मारली, "मामाऽ, बोक्याच्या जागेवर बस ना! आईला फोटो पाठवायचाय!"

फोटो म्हटल्यावर मामा केसांवरून हात फिरवत आलाच. बसला. "वा! मस्त ऊब आहे की!" मग त्याचं हसू मावळलं. "पण... ऊब कसली ही?"

"प्लग काढलाय, मामा. आता उठून खाली बघ."

मामाने पाहिलं. वायरीच्या वेढ्यांचं प्लास्टिक वितळून एकमेकांना चिकटलं होतं. "बाप रे!" तो मटकन पायरीवर बसला. "उद्या माझी ताई यात बसणार होती!"

तासाभरात वायरमनबाई आल्या. "साहेब, खटका पडत होता म्हणजे कुठेतरी वीज गळत होती," त्या खडसावून म्हणाल्या. "तुम्ही गळती शोधायची सोडून खटकाच टाळलात! आता आधी हीटर तपासायचा. मग मेन बोर्डापासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा खटका, मातीखालून जाड केबल आणि पक्कं अर्थिंग. बंद करायचं बटण टबापासून लांब."

"उद्यापर्यंत होईल?" भिंगरीने विचारलं.

"नाही गं पोरी. घाईनेच तर हे झालंय."

आई आली ती खणलेल्या बागेत! सगळी हकिगत ऐकून तिने भिंगरीला असं आवळलं की श्वास कोंडला. "शाब्बास, माझी वाघीण!" ती म्हणाली. मामाने कान पकडले. रात्रभर भिंगरी आईची कंबर चेपत राहिली, आणि सकाळी आई गेली.

काम संपलं तेव्हा वायरमनबाईंनी नव्या खटक्यावरचं तपासणीचं बटण दाबलं. खटका खाडकन पडला! "हा असा पडायला हवा!" त्या म्हणाल्या. "या पोरांनी कुणाचा तरी जीव वाचवलाय, साहेब." मामाने तिघांच्या पाठी थोपटल्या.

पाण्यातून वाफ निघू लागली, पण भिंगरी काठावरच बसून राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"तापलं का गं पाणी?" दूर समुद्रावरून आई विचारत होती.

"तापलंय. पण तू आल्याशिवाय मी नाही बसणार."

"वेडाबाई! बस की आत. आणि मला सगळं सांग."

पंडितने फोन लांब स्टुलावर ठेवला, आवाज मोठा केला. भिंगरी हळूहळू पाण्यात उतरली.

"आधी पायांना चटका बसतो, आई. मग गुडघे सैल पडतात. आता कंबर..." ती पाण्यात नीट बसली. "आई, कंबरेला इतकं बरं वाटतंय!"

पलीकडून लाटांचा आवाज आला.

"मी डोळे मिटलेत," आई म्हणाली. "पुढे सांग."