मधली जागा

सायलीतल्या प्रयोगशाळेत रोहिणीचा दिवस मोजणीनं सुरू व्हायचा. पिंजरा उघडायचा, उंदीर मोजायचे, कानांवरच्या खाचा पाहून क्रमांक टिपायचे. बारा नंबरच्या पिंजऱ्यात पाच माद्या होत्या. फुफ्फुसातल्या पेशींवर मार्को नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या आधारानं त्या पेशी धूळ, जंतू, नको असलेलं सारं पकडून गिळतात. या पाचजणींत ते जन्मापासूनच नव्हतं.

सोमवारी चौथी मेली. तिच्या डाव्या कानाची खाच वाकडी होती. रोहिणीनं पाडलेली ती पहिलीच खाच. उंदीर गौरीनं धरला होता. "खाच पाडतेस की बिस्कीट तोडतेस?" म्हणून हसली होती.

नंदुरबारची गौरी तिची प्रयोगशाळेतली आणि खोलीतलीही जोडीदार. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनियानं गेली. शेवटच्या आठवड्यात, रोहिणीची झोप मोडू नये म्हणून, खोकला उशीत दाबायची.

रोहिणीनं चौथीला पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवलं.

मंगळवारी उरलेल्या चौघी गोल करून झोपल्या होत्या. एरवी एकमेकींच्या अंगावर ढीग करणाऱ्या त्यांनी मध्ये थोडी जागा सोडली होती. बुधवारी तिनं तिथं बोट टेकवलं. भुसा कोमट होता.

गुरुवारी पिंजऱ्यात पाच होत्या.

"कान उलटा वाचलास," विभागप्रमुख रमाकांत सर म्हणाले. "तोंड आपल्याकडे करून धरलं की डावा-उजवा बदलतो. पहिल्या वर्षी सगळ्यांचं होतं."

"पण सर, आकडाच जास्त येतोय."

"मग पिंजरे धुताना शेजारची आत घातलीस. उंदरांनी मामा बनवलं तुला! जास्तीची काढून टाक. दुपारपर्यंत मला चार पाहिजेत."

तिनं शेजारचे सगळे पिंजरे मोजले. एकही कमी नव्हती. फ्रीजर उघडला. पिशवीतली चौथी दगडासारखी कडक होती, डाव्या कानाला वाकडी खाच.

मग पिंजऱ्यातली जास्तीची पाचवी उचलली. डाव्या कानाला तीच वाकडी खाच. अंगठ्याखाली छाती भराभर उडत होती.

फोन वाजला. गौरीचा भाऊ समाधान.

"ताई, उद्या छोटा हाथी घेऊन येतो. खाट, गादी, सगळंच नेतो. घरमालकीण मागं लागलीय, दुसरी मुलगी ठेवायचीय म्हणे."

दोन महिने रोहिणी त्याला 'पुढच्या रविवारी' म्हणत आली होती. आज म्हणाली, "ये."

तिनं पाचवीला अलगद खाली सोडलं. चौघींनी सरकून जागा दिली. तिनं कार्डावर 'चार' लिहिलं.

"काढली?" सरांनी विचारलं.

"हो सर."

आमलीतली दोघींची खोली सकाळी सहापासून बंद होती. तीन वाजता कुलूप काढलं तेव्हा आत दुपार कोंडली होती. थंडीत जोडलेल्या दोन खाटा तशाच होत्या. गौरीची गादी गुंडाळायला ती वाकली.

भिंतीकडच्या बाजूला गादी माणसाच्या लांबीएवढी दबली होती.

तिनं तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग फोन लावला. "समाधान, गाडी सांगू नकोस."

"का गं ताई?"

"गादी लागतेय."

भिंतीकडे पाठ करून ती आपल्या खाटेवर आडवी झाली. थोडी कडेला सरकली.

पाठीमागून, तिची झोप मोडू नये म्हणून दाबलेला, ओला खोकला आला.