पांढऱ्या दारावर हिरवं

वाऱ्याला कोण आवरणार? दवाखान्याच्या फाटकाला हिरवा रंग मारताना तिनं शेजारच्या सायकली झाकल्या, कुंड्या झाकल्या, पायरीवर झोपलेल्या मांजरालासुद्धा उठवून लावलं. पण वारा कोपऱ्यावरून वळला. त्यानं फवाऱ्याचं धुकं अलगद उचललं आणि रस्त्यापलीकडे, शिंप्याच्या दुकानापुढं उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर नेऊन पसरलं.

तोंडावरचा मास्क खाली ओढला, तेव्हा कुठं तिला ती गाडी दिसली. पांढरी कुठली... अंगभर पोपटी सावली. तिनं पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवली आणि टपावरून बोटं फिरवली. पिशवीतून बारीकसा कणही जाणवतो. खरखर, नुसती खरखर.

“आवडली का?” मागून आवाज आला. गळ्यात टेप, कानामागं खडू, असा शिंपी दुकानाच्या दारात उभा होता. “इतक्या मायेनं मीसुद्धा तिच्यावर कधी हात फिरवला नाही.”

“तुमची आहे?”

“सकाळी पांढरी होती ती माझी. ही हिरवट कुणाची, ते बघावं लागेल.”

हसण्याजोगा प्रसंग नव्हता, तरी ओठांच्या कडेला हसू आलंच. तिनं ते तिथंच दाबलं. “चूक माझी आहे. कण न् कण मी काढून देईन. तोवर तुम्ही काही लावू नका — थिनर तर मुळीच नको. माझ्या रंगाबरोबर गाडीचाही निघेल.”

“आणि तुमचा नाहीच निघाला तर?”

“निघणार.”

तिचे वडील रंगकामाचे ठेकेदार. ब्रशवर हात बसलेल्या लेकीला त्यांनी स्प्रे गन पहिल्यांदाच दिली होती. गाडीची गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, “पोरी, शनिवारी मी येऊन हात फिरवीन. एक कण जरी हाताला लागला, तर गन कपाटात आणि तू परत ब्रशवर.”

हे तिनं शिंप्याला सांगितलं नाही. आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला?

रोज काम उरकलं की ती यायची. साबणाचं पाणी शिंपडायचं, गाड्यांवरचे कण ओढून काढणारा, मळलेल्या मातीसारखा क्लेचा मऊ गोळा हलक्या हातानं सरकवायचा. गोळा हिरवा झाला की मळून आत दुमडायचा, पुन्हा सरकवायचा. वाऱ्यावरून येता येता अर्धा वाळलेला रंग पत्र्यावर नुसता टेकलेला असतो. घाई केली नाही, तर हट्ट सोडतो. टप झाला, बॉनेट झालं. शिंपी मशीन सोडून पाणी शिंपडायला येऊ लागला.

“दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“त्याला म्हटलंय, झालंच.”

“झालंय का?”

“शिंप्याचं ‘झालंच’ म्हणजे काय, ते जगाला ठाऊक आहे.”

“हळू शिंपडा हो मास्तर. गाडी धुवायचीय, मला नाही.”

“वारा आहे... मी काय करणार?”

वाऱ्याचं नाव निघाल्यावर तिला काय बोलता येणार? ओल्या बाहीनं तिनं गाल पुसला, आणि गोळा उगाच जास्त मळला.

शुक्रवारी मागचं दारही लख्ख झालं.

“झालं,” ती म्हणाली. आवाजात आनंद होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी... रितं.

“सगळं?”

“सगळं.”

“मग उद्यापासून...” तो म्हणाला आणि रिकामी बादली उचलून दुकानात गेला.

शनिवारी बाबांनी पिशवी हातावर चढवली. टपावरून, बॉनेटवरून हात लोण्यावरून फिरावा तसा फिरला. मागच्या दाराशी थबकला. तिथं वीतभर हिरवा डाग, आणि खाली एक ओघळ.

“गन दे,” बाबा म्हणाले.

तिनं गन छातीशी धरली. “काल हे दार लख्ख होतं, बाबा. हे माझं काम नाही. आणि गन मी देणार नाही.” ती जागची हलली नाही.

शिंपी पुढं झाला. त्याचे कान लाल झाले होते. “डाग माझा आहे. फवाऱ्याचा डबा आणला आणि सकाळी मीच मारला. यात गन जाते, हे आत्ता कळतंय मला.”

“आपल्याच गाडीवर? कशासाठी?” बाबांनी विचारलं.

“काम संपलं होतं ना यांचं...”

बाबा वाकले, ओघळ न्याहाळला. “फार जवळून मारलात. दुरून आलेला रंग टेकतो, मास्तर. जवळून मारलेला मुरतो. अख्खं दार रंगवावं लागणार आता.” मग लेकीकडे न बघताच म्हणाले, “गन तुझी,” आणि दवाखान्याचं केव्हाच वाळलेलं फाटक तपासायला निघून गेले.

“माझी सगळी मेहनत पाण्यात गेली असती,” ती म्हणाली. राग खरा होता.

“हो. चुकलंच माझं.”

“दार मी रंगवीन. पण मला बोलवायचं असेल तर तोंडानं बोलवायचं. डब्यानं नाही.”

“काय म्हणू?”

“ते मी कशाला सांगू? कापड बेतताना विचारता का कुणाला?”

त्यानं गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पुन्हा उलगडला. “ये,” तो म्हणाला. “दार रंगवून झाल्यावरही ये. काही सांडलं नाही, बिघडलं नाही, तरी ये... मला तू आवडतेस.”

‘तू’ ऐकून तिचा राग जागच्या जागी विरघळला. पण इतक्या सहज ऐकेल ती कसली?

“येईन,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “तूही येत जा. दर वेळी मीच का रस्ता ओलांडायचा?”